एका वेळी एकच, वहिनी!

अख्ख्या खानदेशात माझ्या धाकट्या दिरासारखा छळवादी माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या वहिनीला माझा साष्टांग नमस्कार. छळवादी म्हणजे दारू पिऊन दंगा करणारा नव्हे हो! तसा असता तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. आमच्या भाऊजींना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, त्यांचा आवाज कधी चढत नाही. नरडाण्याच्या कारखान्यात दिवसभर मशिनी दुरुस्त करतात, संध्याकाळी धुळ्याला घरी येतात, हातपाय धुतात, आणि मग अगदी शांतपणे, हळू आवाजात, माझा जीव खातात. त्यांचं एकच वाक्य आहे : "एका वेळी एकच, वहिनी." बिघडलेल्या वस्तूत एका वेळी एकच बदल करायचा, मग थांबायचं, बघायचं, आणि मगच पुढचा. दोन गोष्टी एकदम केल्या आणि काम झालं, तर कशाने झालं ते कळणार कसं? मशिनीपुरतं हे ठीक आहे, मी कुठे नाही म्हणते? पण हा माणूस भाजी, खोकला, लग्न आणि देव, सगळ्यांना हाच नियम लावतो. गेल्या वर्षी ह्यांचं बायपासचं ऑपरेशन झालं आणि हे भुलीतून उठेचनात, त्या दिवसापर्यंत माझी खात्री होती की जग बुडालं तरी भाऊजी आधी एकच बादली उपसून बघतील.

एकदा सावद्याहून माझा भाऊ आला होता. मी कौतुकाने शेवभाजी केली, आणि नेमका रस्सा खारट झाला. आता खारट झालं की बाई काय करते? उकडलेला बटाटा टाकते, थोडं गरम पाणी वाढवते, लिंबू पिळते, मोकळी होते. मी पातेल्याकडे वळले तर भाऊजी आडवे. "आधी नुसता बटाटा टाका. उकळी येऊ द्या. चव बघू. मग पाणी." बाहेर माझा भाऊ ताट पुढ्यात घेऊन बसलेला. केळीच्या व्यापारातला माणूस, उभ्या उभ्या ट्रक भरून रवाना करायची सवय, त्याला कुठला एवढा धीर! त्याने चटणीशी भाकरी खाल्ली आणि हात धुतले. रस्सा नंतर छान झाला, आणि तो बटाट्याने सुधारला हेही शास्त्रशुद्ध सिद्ध झालं, पण खायला पाहुणा नव्हता. मला खोकला झाला तेव्हा ह्यांनी प्रेमाने काढा करून आणला, तर भाऊजींनी कप माझ्या हातातून काढून घेतला, कारण सकाळी मी गोळी घेतली होती. म्हणाले, गुण आला तर कोणाचा म्हणायचा? मी खोकत होते आणि हा माणूस श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवत होता!

लग्नाचं तर विचारूच नका. एरंडोलची फार चांगली मुलगी होती. शिकलेली, हसरी. आम्ही बघायला गेलो, पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "मग पुढचं कसं काय?" आमचे रत्न म्हणाले, "नोकरी नुकतीच बदललीय. लगेच लग्नही केलं, तर झोप कशाने उडाली ते कळणार नाही." मुलीच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यानंतर चहासुद्धा आला नाही. आता एवढं आलोच आहोत तर पद्मालयाला जाऊन येऊ, म्हणून हे आम्हाला तिकडे घेऊन गेले. मी मनात म्हटलं, गणपतीच काय ती बुद्धी देवो. तिथे गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, शेजारी शेजारी. भाऊजींनी एकाला हात जोडले, डोकं टेकवलं, आणि सरळ बाहेर. मी म्हटलं, "अहो, आणि दुसऱ्याला?" तर म्हणतात, "पुढच्या वर्षी." तेही पुजाऱ्यासमोर! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

असा माणूस माझ्या कॉम्प्युटरच्या मागे लागला, आणि तिथून माझ्या खऱ्या वनवासाला सुरुवात झाली. मी घरी बसून कॉलेजातल्या लोकांचे प्रबंध टाइप करून देते. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही, आणि बॅटरी आपली दमेकरी. भाऊजींनी कॉम्प्युटरवर आधीचं होतं ते सगळं काढून लिनक्स नावाची दुसरीच सिस्टीम टाकली आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता वीज जायला लागली की हायबरनेट करायचं, वहिनी. म्हणजे गाढ झोपवायचं. तो डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतो. वीज आली की जसंच्या तसं परत, तुमचं अर्धं वाक्यसुद्धा." झोपायचा हो, अगदी शहाण्या बाळासारखा झोपायचा. उठायचा मात्र नाही. कधी पडदा काळाच राहायचा, कधी उठायचा तो कोऱ्या चेहऱ्याने, या घरात मी ओळखतो कोणाला, असा. केळीवरच्या करपा रोगाचं अख्खं प्रकरण माझं असं गेलं. सेव्ह का नाही केलं म्हणता? तुम्हीही त्यांच्याच बाजूचे! 'जसंच्या तसं' म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला, हा काय माझा गुन्हा झाला?

त्यावर भाऊजींनी मला सॉरी म्हणावं की नाही? छे! खुर्ची ओढून माझीच उलटतपासणी सुरू केली. "किती वाजता झोपवला?" मी म्हटलं, पोळ्या झाल्यावर. "पोळ्या लॉगमध्ये नसतात, वहिनी. किती वाजता?" लॉग म्हणजे कॉम्प्युटर आपण केव्हा काय केलं ते स्वतःच टिपत जातो, ते. लोक सकाळी पेपर वाचतात तसं भाऊजी लॉग वाचतात, मध्येच "अरेच्चा!" म्हणतात आणि चहा थंड करतात. मग शोध लागला की झोपताना डोक्यातलं उतरवायला जी जागा लागते, तिला स्वॅप म्हणतात, ती लहान पडतेय. जागा वाढवली. लगेच पुढचं काही करतील तर शपथ! आठवडाभर नुसतं बघणं. मग कळलं की सामान ठेवलंय कुठे, हे उठताना त्याला कोणी सांगतच नाही. ते सांगितलं. पुन्हा आठवडाभर बघणं. मग नवंच दुखणं : झोपवला की पुढच्या क्षणाला आपोआप जागा. त्यावर भाऊजींनी आम्हा सगळ्यांना घरभर चालायला लावलं, दारं आपटायला लावली, आणि निदान केलं की मी मिक्सर लावला की टेबल हादरतं, टेबलावरचा माऊस हलतो आणि झोपमोड होते.

"मिक्सर लावू नका, वहिनी. तो झोपलाय."

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! माझी पोरं तान्ही असताना दारावरून बँड लावून वराती जायच्या, तेव्हा कोणी म्हटलं नाही की हळू, बाळ झोपलंय. आणि या पत्र्याच्या डब्यासाठी मी खलबत्त्यात शेंगदाणे कुटायचे? मी म्हटलं, "मग तो माऊस काढून ठेवा, नाहीतर टेबल हलवा, नाहीतर मला माझं आधीचं परत आणून द्या. सगळं एकदम करा, पण एकदाचं संपवा!" तर कपाळाला आठीसुद्धा न घालता उत्तर तेच. हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आरामखुर्चीत बसून आमचं भांडण ऐकायचे आणि हसायचे. "करू दे गं त्याला," म्हणायचे, "तुझं काय जातं?" काय जातं? केळीचा करपा गेला, आणखी काय जायला हवं होतं?

आणि मग एक दिवस त्याच खुर्चीत ह्यांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या आणि जळगावला बायपास करायचं ठरलं. ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. पण दुसरा दिवस उजाडून माथ्यावर आला तरी हे डोळे उघडेनात. डॉक्टर म्हणाले, भूल उतरायला हवी होती, काहींना वेळ लागतो, वाट बघू. आणि अशा वेळी भाऊजी डॉक्टरांना विचारतात काय, तर, "कुठलं औषध किती वाजता बंद केलंत? दोन औषधं एकदम बंद नाही ना केली?" माझा इतक्या वर्षांचा साठलेला राग तिथे त्या कॉरिडॉरमध्ये बाहेर पडला. मी सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, हा तुमचा कॉम्प्युटर नाही! भाऊ आहे तुमचा, भाऊ!" भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. वळले आणि जिना उतरून निघून गेले.

ते गेले ते गेलेच. फोन लावला तर सारखा एंगेज. मी बाकावर एकटी, समोर ते बंद दार. रडूही येईना, नुसता संताप. म्हटलं, भाऊ आत असा पडलाय आणि या माणसाला आत्ता राग येतो? गेला असेल धुळ्याला लॉग वाचायला! ऊन उतरायला लागलं तशी आतून नर्स आली. म्हणाली, "काकू, या, डोळे उघडलेत." मी धावले. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, पण डोळे चांगले जागे होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे पाहायला लागले. कोणाला शोधत होते ते मला कळलं. कालपासून बाकावर उपाशी बसलेय मी, आणि साहेब शोधताहेत भावाला! खरं सांगते, त्याही वेळी मला राग आला. आणि रडू फुटलं.

बाहेर आले तर भाऊजी जिना चढत होते. त्यांचा अवतार काय सांगू! कपाळाला शेंदूर, त्यावर अंगारा, मनगटाला रस्त्यातल्या दर्ग्यावरचा दोरा, पिशवीत नारळ आणि तुळस. एका हातात फोन, त्यावर नरडाण्याच्या कारखान्यातला सोबती सांगत होता की त्याने बुद्धविहारात मेणबत्ती लावलीय. वर या माणसाने आणखी एका डॉक्टरांना गाठून, हातापाया पडून, बरोबर आणलं होतं. ते बिचारे मागून धापा टाकत येत होते. मी म्हटलं, "उठले हो."

भाऊजी तिथेच पायरीवर बसले. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी अहिराणी ऐकली नव्हती. "पद्मालयले गयथू, वहिनी," म्हणाले.

मला राहवेना. डोळे पुसत विचारलं, "या खेपेला कुठल्या गणपतीची पाळी होती?"

"दोन्हीसना पाया पडनू. एकदमच."

"मग आता हे कशाने उठले ते कळणार कसं?"

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. कपाळावरचा शेंदूर सगळा गालावर आला. "नही समजनं तरी चाली," म्हणाले. आणि हे किती वाजता उठले, ते त्यांनी विचारलंच नाही.

आता हे बरे आहेत. कॉम्प्युटर अजून तसाच आहे, मनात आलं तर उठतो, नाहीतर नाही, आणि भाऊजी पुन्हा आपल्या मूळपदावर आलेत. बोललेले नवससुद्धा एका वेळी एकच फेडतात, मधे मोठं अंतर ठेवून. रविवारी दुपारी जेवण झालं की ह्यांचा खुर्चीत डोळा लागतो. भाऊजी समोर लॉग उघडून बसतात, पण पान काही सरकत नाही. मी ओट्याशी गेले की हळूच येऊन सांगतात, "मिक्सर लावू नका, वहिनी. तो झोपलाय." मग ह्यांच्या छातीकडे बघत बसून राहतात, हे डोळे उघडून चहा मागेपर्यंत. मी तोवर शेंगदाणे खलबत्त्यात कुटते, तेही हळू.