कोळंबीचा भाव

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतं. शाळा चौथीतच सुटली. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने सांभाळून घ्यावं.

थळची एक कोळीण दर बुधवारी आमच्या पडवीत पाटी उतरवते. रस्त्याने "म्हावरं घ्या म्हावरं" ओरडते ते अगदी सरळ, गाण्यासारखं. भाव सांगताना मात्र तिची जीभ अडते. रोज वीस दारी भाव सांगायचा धंदा तिने धरलाय, याचं मला नवल वाटतं.

पहिल्या दिवशी कोळंबीच्या एका वाट्याचा भाव सांगताना ती "द... द..." करत राहिली. मला बघवेना. मीच म्हटलं, "दीडशे ना?" तिने मान हलवली. असे चार बुधवारी चार वाटे घेतले.

काल ती आधी शेजारी जाऊबाईंकडे गेली. जाऊबाई तांदूळ निवडत राहिल्या, मध्ये बोलल्या नाहीत. तिने डोळे मिटून श्वास घेतला आणि पुरतं सांगितलं, "दो-दोनशे. येक रुपया कमी न्हाय."

माझ्याकडे आल्यावर मी विचारलं, "मावशी, मला का नाही सांगितलंस?"

ती हसली. "बाय, तू थां-थांबलीस कुठं? आनी मान न्हाय अडत माझी."

मला चार वाट्यांचे पन्नास-पन्नास द्यायचे होते, पण शरमेने शब्द फुटेना. ती माझ्याकडे बघत शांत बसली. एकही शब्द तिने माझ्या तोंडात घातला नाही. मग मी सगळं बोलले. तिने दोनशे रुपये मोजून कमरेला खोचले.