चंद्रभागाबाईंच्या बादलीचा सूड

चंद्रभागाबाई मेश्राम यांनी तीस वर्षं पुण्यातल्या एका शेतकी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली. धुता धुता त्या बरंच शिकल्या. साहेबांनाही ते ठाऊक होतं, म्हणून निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाल-श्रीफळाऐवजी बाईंच्या हातात एक परीक्षानळी ठेवली. नळीत हिरवट बुरशी होती. ट्रायकोडर्मा. ही मुळांशी मुक्काम ठोकते आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला खाऊन टाकते. बाईंनी नळी फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली आणि विरजणासारखी सांभाळली.

मुलगा आनंद संगणकाच्या कंपनीत लागला आणि त्याने हिंजवडीत फ्लॅट घेतला. बाईंनी इमारतीमागच्या पडीक पट्ट्यात वांगी लावली. जिन्याखालच्या सावलीत गुळाच्या पाण्याची बादली ठेवली, तिला नळीतलं विरजण लावलं, आणि ते पाणी वांग्यांना घातलं. वांगी अशी धरली, की भंडाऱ्याहून आलेली बहीण पहिल्यांदाच अर्धा तास गप्प बसली.

सोसायटीचे अध्यक्ष महिपतराव थोपटे यांना स्वच्छतेचं वेड होतं. हात धुण्याआधी ते साबण धुवून घेत. एका सोमवारी त्यांनी बाईंच्या बादलीत बाटलीभर फिनेल ओतलं आणि वर भिंतीवर पाटी ठोकली: 'येथे सडका माल ठेवू नये. ठेवणाऱ्याची अक्कलही सडली आहे असे समजण्यात येईल. – अध्यक्ष.'

"अहो, त्यात जीव होते," बाई म्हणाल्या.

"जंतू होते. जंतू मारायलाच फिनेल असतं."

"मग आता बादली कुठे ठेवू?"

"आपल्या गावी."

नळी शाबूत होती, पन्नास बादल्या पुन्हा लावता आल्या असत्या. पण ज्या गावात तीस वर्षं काम केलं आणि जिथे आता स्वतःचं घर होतं, तेच आपलं गाव, अशी त्यांची समजूत होती. ही बादली आता तिथेच, त्याच पाटीखाली बसेल, आणि पाटी हाच माणूस उतरवेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

अडचण एकच होती. बाई रोज सकाळी पंचशील म्हणत. सूड घ्यायचा तो पाचही शीलांच्या आत राहून. त्यांनी एकेक शील तपासलं. हत्या नको, चोरी नको, व्यभिचाराचा तर विचारही नको (महिपतरावांकडे बघून तो कुणालाच सुचला नसता), मद्याचा प्रश्न नव्हता. राहिलं चौथं: खोटं बोलायचं नाही. बाईंनी वाट पाहायचं ठरवलं.

जून-जुलै गेला आणि महिपतरावांच्या गच्चीवरच्या टोमॅटोंनी माना टाकल्या. ते रोज कुंड्यांतही फिनेलचं पाणी शिंपडत होते, यात नवल नाही. त्यातच एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार दोन आठवड्यांनी रविवारी दहाला येणार होता, 'अध्यक्षांची गच्चीवरची बाग' म्हणून. महिपतराव बाईंच्या दाराशी आले.

"मेश्रामबाई, आपण जरा बघाल का?"

बाईंनी गच्चीवर जाऊन फिनेल बंद करायला लावलं आणि घरून बाटलीत आणलेलं विरजणाचं हिरवट पाणी प्रत्येक मुळाशी घातलं. खरं काम तिथेच संपलं होतं.

"एवढंच?" महिपतरावांनी विचारलं.

"मातीतल्या जिवांना खायलाही लागतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती. पाणी घालून ढवळायचं."

"कुणी?"

"आम्ही लॅबमध्ये ढवळायचं काम कधी दुसऱ्याला दिलं नाही."

"आणि ठेवायचं कुठे?"

"सावली हवी, हवा खेळती हवी. माझ्या माहितीत जागा एकच आहे."

महिपतरावांनी पहाटे सहाची वेळ सुचवली. "सहाला माझी वंदना असते," बाई म्हणाल्या. "आठला मी बघायला येईन." आठला हिंजवडीतल्या कंपन्यांच्या बसगाड्या फाटकाशी येत आणि निम्मी इमारत जिन्यापाशी उभी असे.

दुसऱ्या दिवसापासून महिपतराव नाकाला रुमाल बांधून, लांब काठी घेऊन, स्वतःच्याच पाटीखाली शेण ढवळू लागले. पोरं म्हणत, "काका, आजचं रेटिंग?" आनंद ओशाळून बसमध्ये चढे. बाई पायरीवर बसून पाहत. चेहरा चहा गाळताना असतो तसा.

आठवडाभराने टोमॅटो सावरले. महिपतराव धावत आले. "आता पुरे ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

ते घाबरले आणि संध्याकाळीही ढवळू लागले.

ठरलेल्या रविवारी छायाचित्रकार दोन तास आधीच, आठला आला. फाटकाशी बाई भाजी निवडत होत्या. "बागवाले अध्यक्ष कुठे भेटतील?"

चौथं शील. "जिन्याखाली," बाई म्हणाल्या.

सोमवारी फोटो छापून आला. महिपतराव, काठी, शेणाची बादली, आणि डोक्यावर, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी, पाटी.

दुपारी महिपतरावांनी स्टुलावर चढून पाटी उतरवली. खाली उतरले तेव्हा बाई आपली बादली घेऊन उभ्या होत्या.

"बाई, खरं सांगा. हे आपण मुद्दाम केलंत?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि बादली जागेवर ठेवली.