सीलबंद दान

माझ्या भाकरी गाई खायलत्या आन् मी बघायलते.

हुमनाबादच्या बाहेर, हायवेला लागून एका मंगल कार्यालयाचं मैदान हाय. पुढं मांडव. मांडवात गाणगापूरला पायी निघालेल्या लोकांची पंगत बसलेली. मागं गोशाळा. तिथल्या गव्हाणीत माझ्या कडक भाकरी पडलेल्या. तीळ लावलेल्या, पातळ, मोडल्या की कट्‌कन वाजणाऱ्या. पहाटे माझ्याच टेम्पोतनं आलेल्या. एक म्हातारा गडी त्या मोडून, पाणी शिंपडून गाईंपुढं ढकलायलता.

मी मागनं शेंगाचटणीचे डबे घेऊन आलते. डबे हातातच राहिले.

म्हाताऱ्याला इचारलं, खराब निघाल्या का? मी कोण हे त्याला ठाऊक न्हवतं.

"न्हाई बाई. चांगल्या हायत. वरनं सांगितलंय."

वरनं म्हणजे सुमंगल अक्कांनी. हुमनाबादेत त्यांची डाळ मिल हाय. तालुक्यातल्या धंदेवाल्या बायांचं एक मंडळ त्यांनी काढलं होतं. कुणाचं शिवणकाम, कुणाचं ब्युटी पार्लर, कुणाचे पापड. कमवा आन् समाजाला परत द्या, असं त्या सांगायच्या. नुसतं सांगत न्हवत्या, करायच्या. पोरींना शाळेची दप्तरं द्यायच्या, डोळ्यांची शिबिरं घ्यायच्या. मी पहिली गॅसभट्टी घेतली तेव्हा बँकेत माझ्यासोबत त्याच आलत्या. मॅनेजरला म्हणल्या होत्या, ही माझ्या घरची पोरगी हाय.

घरची. व्हय. माझी आई त्यांच्या मिलमध्ये तूर निवडायची. पाटी पुढ्यात घेऊन दिवसभर खडे वेचायची. शाळा सुटली की मी बी जायची. मिलच्या दारात प्यायच्या पाण्याचा माठ होता. आमच्यासाठी वेगळा, सावलीबाहेर. ऊन लागून पाणी कोमट व्हायचं. तेव्हा ते मला नेहमीचंच वाटायचं.

आम्ही बौद्ध. हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. उलट माझी ओळख करून देताना अक्का ते आधी सांगायच्या. आपल्या मंडळात सगळ्या समाजाच्या बाया हायत, असं म्हणून मला पुढं करायच्या. मला बरं वाटायचं. खोटं कामून बोलू?

त्या दिवशी मी गोशाळेतनं मांडवात गेले. मला वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय. दुसऱ्या कुणाच्या भाकरी गाईंना जायच्या, चुकून माझ्या गेल्या आसतील. पण पंगतीत कुणाच्याच पानावर भाकरी न्हवती. हॉटेलातनं आणलेल्या चपात्या होत्या. भात होता. वरण होतं. मांडवाच्या तोंडाशी बॅनर. त्याच्यावर दानशूर भगिनींचे फोटो. त्यात माझा बी. हसरा.

अक्कांनी मला लांबनंच बघितलं. ये ये म्हणल्या, तुझाच फोटो राहिलाय. डबे एका खुर्चीवर ठेवायला लावले आन् वरणाची पळी माझ्या हातात दिली. एका म्हाताऱ्या यात्रेकरूपुढं मला वाकवलं. फोटोवाला म्हणला, ताई, इकडं बघा. मी बघितलं. फोटो झाला. अक्कांनी पळी माझ्या हातातनं काढून घेतली. हळूच, लेकराच्या हातातनं सुरी काढून घ्यावी तशी. शेजारच्या बाईनं ती घेतली, बाजूला ठेवली. दुसरी पळी बादलीत घातली.

पळीत वरण न्हवतंच. मला रिकामी पळी दिलती.

मी अक्कांना बाजूला घेतलं. म्हणलं, अक्का, माझ्या भाकरी गाई खायल्यात.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ. म्हणल्या, यात्रेतले लोक नेमधर्मानं निघालेत, कुणी तरी इचारलं भाकरी कुणाच्या घरच्या, आता खोटं कसं सांगायचं. मग म्हणल्या,

"तू मनाला लावून घेऊ नको. दान वाया न्हाई गेलं. गाईच्या पोटात गेलं, म्हणजे देवाच्याच पोटात गेलं."

वर हे बी म्हणल्या,

"पुढच्या बारीला तू तेलाचे डबे दे. सीलबंद येतात. कुणाला काय बोलायला जागा न्हाई."

सीलबंद. म्हणजे माझा हात आत जाणार न्हाई. माझं आसून माझं नसलेलं. असं दान मी दिलं तर चालतंय.

मी चटणीचे डबे तिथंच त्या खुर्चीवर सोडले आन् निघाले. टेम्पोत येऊन बसले. ड्रायव्हरनं इचारलं, मालकीणबाई, काय झालं? म्हणलं, ऊन लागलं.

भट्टीवर बाया वाट बघायलत्या. रात्रीपासनं त्यांनी भाकरी थापलत्या, यात्रेकरूंसाठी म्हणून जास्तीच्या कामाची मजुरी बी घेतली न्हवती. माझ्याकडं सगळ्या जातींच्या बाया हायत. मराठ्याच्या, लिंगायताच्या, मुसलमानाच्या, आमच्या गल्लीतल्या. शांताबाई त्यात थोरली. मराठ्याची, जवळच्याच खेड्यातली, थोडकं रान हाय घरी. तिच्यासारखी गोल भाकरी कुणाची उठत न्हाई. तिनंच इचारलं, पंगतीला आवडल्या का?

मी सांगितलं. सगळं.

शांताबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणली,

"पर त्या तर मी थापल्या. मग सांगायचं न्हाई का, शांताबाईनं थापल्यात म्हणून?"

तिच्या मनात वाईट न्हवतं. ती मला वाट दाखवायलती. तिचं नाव सांगून माझी भाकरी वाचली आसती, असं तिचं म्हणणं. तिच्या त्या बोलण्यानं माझ्या डोक्यात लखकन काहीतरी झालं.

भाकरी थापणारे हात मराठ्याचे होते, लिंगायताचे होते, आमचे बी होते; पण कुणी थापल्या ते कुणी इचारलंच न्हाई. पीठ गिरणीतनं आलेलं. ज्वारी बाजारातली. मी फक्त मालकीण. मग बाटलं काय? हात न्हाई बाटला. मालकी बाटली.

आन् पंगतीत वाढलेलं ते वरण? ती डाळ अक्कांच्या मिलची. त्या मिलमध्ये आज बी आमच्या गल्लीतल्या बाया तूर निवडायल्यात. एकेक दाणा त्यांच्या बोटांखालनं जातोय. ती डाळ कुणाला बाटत न्हाई. ती यात्रेला चालते, लग्नाला चालते, देवाच्या नैवेद्याला चालते. कामून? तिथं आम्ही खाली बसलेल्या असतोय. पाटीपुढं. वाकून. आमच्या हाताला त्यांची कधीच हरकत न्हवती. हात खाली आसंल तोवर. देणाऱ्याचा हात वर असतोय. माझा हात वर गेलेला त्यांना खपला न्हाई.

माझ्या आईला मी हे सांगितलं. ती म्हणली, गप बस. त्यांचं मीठ खाल्लंय. मी म्हणलं, आई, खडे तू वेचलेस, मीठ त्यांचं कसं? ती तोंड फिरवून झोपली.

महिला दिनाला बीदरला मंडळाचा कार्यक्रम होता. मोठा हॉल, साहेब लोक, फुलांच्या कमानी. मला दानशील उद्योजिका म्हणून शाल द्यायची ठरलती. अक्कांचा फोन आला, आईला बी घेऊन ये. आई आली न्हाई. मी गेले.

स्टेजवर अक्कांनी माझी गोष्ट सांगितली. तूर निवडणाऱ्या बाईची लेक, कुठनं कुठं आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल माझ्या खांद्यावर पडली. माईक माझ्याकडं आला. दोन शब्द बोल म्हणल्या.

मी शाल काढली. घडी घातली. टेबलावर ठेवली. मग बोलले. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. कुणाला समजलं न्हाई असं व्हायला नको म्हणून.

"माझ्या आईनं निवडलेली डाळ तुम्ही सगळ्यांनी खाल्लीय. ती कुणी गाईला घातली न्हाई. मी मालकीण होऊन दिलेली भाकरी मात्र तुम्ही गाईला घातली. मला सीलबंद डबे आणायला सांगितलं. मी डबा न्हाई, माणूस हाय. तुमची शाल तुम्हालाच ऱ्हाऊ द्या."

माईक बंद झाला. कुणी केला ठाऊक न्हाई. पहिल्या रांगेतली एक बाई म्हणली, चांगल्या कार्यक्रमात जात कशाला काढायची. जात मी काढली म्हणे.

अक्कांचं तोंड पांढरं पडलं होतं. स्टेजवरनं उतरताना त्या माझ्या कानाशी म्हणल्या,

"मी तुला माणसांत आणलं."

"मी आधीच माणसांत होते, अक्का. तुम्ही आम्हाला तूर निवडायला बसवलं होतं."

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. आमचे हे लॉरीवर ड्रायव्हर, मिलचाच माल हैदराबादला न्यायचे. ते काम गेलं. ते म्हणले, "कामून तोंड उघडलंस?" मी जेवायला वाढलं. ते जेवले न्हाईत. दोन ढाब्यांनी भाकरी घेणं बंद केलं. एका हॉस्टेलनं सांगितलं, पोरांच्या आईबापांची तक्रार हाय. पोरं वर्षभर तीच भाकरी खायलती.

शांताबाई एक दिवस आली न्हाई. दुसऱ्या दिवशी तिच्या दिरानं निरोप दिला, आता ती येणार न्हाई. मी तिच्या खेड्याला गेले. तिनं दारातनंच बोलणं केलं. घरात ये म्हणली न्हाई, पाणी बी दिलं न्हाई. डोळे भरले होते तिचे. पण ती उंबऱ्याच्या आत होती आन् मी बाहेर. रडणाऱ्या माणसानं बी दार उघडलं न्हाई की ते दार बंदच असतंय.

मी परत आले आन् पाकिटांचं काम काढलं. तोवर माझ्या पाकिटावर एका देवीचं नाव होतं. कुणाला कळू नये, धंदा चालावा, म्हणून ठेवलेलं. ते काढलं. तिथं माझं नाव छापलं. आडनावासकट. मराठीत आन् कन्नडमध्ये. ह्या भागात आडनाव वाचलं की पुढचं काही इचारावं लागत न्हाई.

परवा कलबुर्गीचा एक व्यापारी आला. भाकरी चाखली. वा म्हणला. म्हणशील तेवढा माल उचलतो, फक्त एक कर. आडनाव काढ. नुसतं पहिलं नाव ठेव, गोड हाय. मी तुझ्या भल्याचंच सांगायलोय.

भल्याचंच. अक्का बी माझ्या भल्याचंच सांगायलत्या.

मी त्याला चहा दिला. माझ्या घरच्या कपात. तो प्याला का न्हाई ते मी बघितलं न्हाई. मी म्हणलं, अण्णा, माल न्यायचा तर नावासकट न्यायचा.

तो गेला. माल इथंच हाय.

आज निम्मे तवे थंड हायत. उद्या एकच पेटता राहिला तरी त्याच्यावरनं उतरलेली भाकरी माझ्या नावानं बाहेर जाईल. आता मी कुणाला दान देणार न्हाई आन् कुणाचा मान बी घेणार न्हाई. ज्याला भूक आसंल त्यानं आधी आडनाव वाचावं, मग पाकीट फोडावं.