पाचव्या रांगेतली उजवी खिडकी

असल्या गोष्टी वाचून मी आजवर हसतच आलोय, हे आधी सांगून टाकतो. भास, संकेत वगैरे... आपला त्यावर कधीच विश्वास नव्हता. मी पुण्यात नोकरी करतो आणि मला एकच खूळ आहे — विमानातली खिडकी. कुठल्या मार्गावर कुठल्या बाजूला काय दिसतं, ऊन कुठून येतं, पंख कितव्या रांगेला आडवा येतो, हे सगळं बघूनच मी सीट घेतो. मित्र यावरून माझी भरपूर खेचतात.

आमचं गाव मेडशी, जिल्हा वाशिम. बाबांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात अगदी थोडं उरलेलं. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं तेव्हा मी हट्टाने नागपूर-पुणे विमानाचं तिकीट काढलं. उरलंसुरलं जाण्याआधी त्यांनी आपलं शेत एकदा वरून बघावं, एवढंच मनात होतं. सकाळचं विमान, ऊन डावीकडून, मेडशी उजव्या हाताला. म्हणून पाचव्या रांगेतली उजवी खिडकी घेतली, पंखाच्या बरीच पुढे.

पण वरून आपलं वावर ओळखायचं कसं? सोयाबीनची गंजी लागली होती आणि शेजारी मोठी पिवळी ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती. आदल्या दिवशी बाबांना घेऊन नागपूरला पोचल्यावर मी गुपचूप आईला फोन केला. म्हटलं, उद्या आठच्या आत ती वावरात पसरून ठेव, बाबांना सांगू नकोस, गंमत करू. ती हसली. म्हणाली, तुहं खूळ आता मले लावतं का? पण जाते म्हणाली.

विमान उडालं, वर्धा मागे पडलं तरी खाली नुसते ढग. एक फट नाही. मी मनातल्या मनात चरफडत होतो. बाबा मात्र काचेला कपाळ टेकवून बसले होते.

मग त्यांनी विचारलं, "तुह्या मायनं ताडपत्री कायले पसरली वावरात?"

मला वाटलं, आईनेच त्यांना सांगून टाकलं असेल. मी नुसता हसलो. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"धुऱ्यावर बसली थे. पाय धरून बसून राह्यली. तिच्यानं उठनं होऊन नाही राह्यलं. फोन लाव तिले."

मी म्हटलं, बाबा, खाली ढग आहेत. इथून फोनही लागत नाही. ते पट्टा सोडून उठायला लागले. एअर होस्टेस आली. लोक बघत होते, मला लाज वाटली, आणि मी तिला इंग्रजीत सांगितलं की यांना नीट दिसत नाही, जरा गोंधळलेत. तिने पाणी आणून दिलं. बाबांनी ते घेतलं नाही. खूप वेळाने एवढंच म्हणाले, आता आडवी झाली.

पुण्यात उतरून फोन चालू केला तर शेजारच्या वावरातल्या काकांचे अकरा मिस्ड कॉल. ताडपत्रीच्या घडीत साप होता. काकांना आई दिसली तेव्हा ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, आडवी पडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ताडपत्री अर्धीच पसरलेली होती.

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, यांना हातभर अंतरावरची बोटं मोजता येत नाहीत. त्या वेळी मी खिडकीतून काढलेला फोटो अजून फोनमध्ये आहे. पांढऱ्याशिवाय त्यात काही नाही. योगायोग म्हणावा तर म्हणा, मीही रोज म्हणून बघतो. पटत नाही.

बाबा आता माझ्याकडेच असतात. आईने त्यांना ताडपत्रीचं सांगितलं नव्हतं, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. कारण दिवसातून एकदा तरी ते विचारतात, "इतक्या सकाळी थे वावरात काहून गेली असन रे?"

विमानात त्यांना जे दिसलं ते कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. या प्रश्नाचं आहे. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.