काटा प्लसकडं जाईना

आमच्या मोटारीची बॅटरी बैलगाडीतनं फिरायची. खरंच सांगतो! भिसेगावातनं गाडी निघायची, पुढं बैल, मागं पेंढ्यावर देव बसवावा तशी बॅटरी, आणि वरात चालायची खालापूरच्या वाटेवरच्या भातगिरणीकडं. गिरणीच्या इंजिनावर बॅटरी चार्ज करून मिळायची. वाटेत जो भेटेल तो ओरडायचा, "काय रं, मोटार बैलांच्या जिवावर चालवायची तर पेट्रोल कशाला पाजता?" आबा, म्हणजे माझे वडील, बैलांना कधी मारत नसत, पण त्या दिवशी हवेत आसूड जरा जोरात वाजायचा.

मोटार लढाईच्या आधीची, वर कॅनव्हासचं टप असलेली. कर्जतला हवा खायला येणाऱ्या मुंबईच्या एका साहेबानं जाताना आबांना विकली होती. कर्जत स्टेशनावरनं कशेळ्याच्या बाजाराला माणसं न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, हा आमचा धंदा. माणसं, कोंबड्या, वालाच्या गोणी, एकदा तर रुसून निघालेला जावईसुद्धा! ड्रायव्हर मी. माझा मोठा भाऊ रेल्वेत, घाटात गाडीला मागनं जोर देणाऱ्या इंजिनावर, तो सदा ड्युटीवर. त्यामुळं मोटार म्हणजे मी आणि मी म्हणजे मोटार.

पण त्या पावसाळ्यात मोटार गोठ्याशेजारी उभी राहिली आणि उंदरांनी वायरी खाल्ल्या. वरचं कापड, आतलं रबर, सगळं फस्त. तेव्हापासून गाडी चार्जच करेना.

म्हणजे कसं असतं, सांगतोच, कारण हे सांगायला मला लय आवडतं. इंजिन फिरलं की पट्ट्यावर डायनामो फिरतो. डायनामो करंट करतो आणि तो बॅटरीत जातो. मधी एक छोटी पेटी असते, तिला कटआउट म्हणतात. डायनामो जोरात आला की ती टक्कन चिकटते आणि त्याला बॅटरीशी जोडते. इंजिन बंद झालं की सुटते, नायतर बॅटरीतला माल उलटा डायनामोत जाऊन वाया. आणि ड्रायव्हरसमोर एक मीटर. काटा प्लसकडं, तर बॅटरी भरतेय. मायनसकडं, तर रिकामी होतेय. आमचा काटा मायनसकडं झोपून असायचा. मग दिवे नाहीत, बटण दाबून इंजिन लावायचा सेल्फ नाही, अंधार पडायच्या आत घर गाठायची घाई. बाजाराची माणसं टांग्याकडं वळायला लागली.

एका दुपारी आबांनी जेवता जेवता निकाल दिला. "तुजा मामा दिवाळीच्या आधी येतोय. तवर काटा हलला तर र्‍हा हितंच. नाय हलला, तर कुंभिवलीचा शेट मोटार न्यायला तयार हाय, इंजिन पंपाला लावंल. आन् तू जा मामासंगं मुंबईला."

मुंबईला माझ्यासाठी एक हापिस तयारच होतं. मॅट्रिकनंतर मी टायपिंग शिकलो होतो आणि माझी बोटं अशी पळायची की मामा ते बघून वेडा झाला होता. एका मशीनपुढं बसवायला मी त्याला अगदी पसंत. मला मात्र दुसरंच मशीन पसंत होतं!

लढाईच्या दिवसांत मी खोपोलीच्या एका गॅरेजात हात काळे केले होते, म्हणून ठरवलं, सगळी वायरिंग नवी करायची. जुनी उचकटून काढली, डायनामो उतरवला, कटआउट खोलून ठेवला. मुंबईच्या जुन्या बाजारातनं मिल्टरीची उरलेली वायर आणली. वायर झकास, पण सगळीच्या सगळी काळी. कुठली दिव्याची, कुठली डायनामोची, कळणार कसं?

इथं वहिनी धावून आली. ती चिंध्यांचं गाठोडं घेऊन मोटारीच्या पायरीवर बसली आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच कापडाची पट्टी शिवायला लागली. बॅटरीच्या वायरीला लाल खण. डायनामोला पिवळं, जुन्या पितांबराचं.

"दिव्याला हिरवं लावू?"

"लाव."

"आन् हार्नला?"

"हार्नला कायबी लाव, तो वाजतच नाय."

"मग लुगड्याचा जरीकाठ लावते. वाजला नाय तरी मिरवंल."

अशी आमची मोटार आतनं नटत होती आणि तेवढ्यात दसरा आला. आता आबांची एक खोड. खंडेनवमीच्या आधी घरातलं दिसेल ते लोखंड ते रंगवायचे. विहिरीची कप्पी, बैलगाडीच्या चाकांच्या धावा, फाटकाच्या कड्या. त्या वर्षी हिरवा तेलरंग आणला होता. मी बाजाराला गेलो असताना त्यांनी मोटारीचं बॉनेट उघडलं आणि आतली पत्र्याची भिंत, जिथनं मी कटआउट काढला होता तीच, दोन हात देऊन हिरवीगार करून टाकली. भोकं, नटबोल्ट, काही सोडलं नाही.

"आतनं कशाला, आबा?"

"देवाला आतलंबी दिसतं."

मला तर आवडलंच ते! चकचकीत भिंतीवर मी कटआउट बसवला, खणाच्या आणि पितांबराच्या पट्ट्या जागच्या जागी लागल्या, वहिनीनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. हँडल मारलं. इंजिन लागलं. काटा?

काटा ढिम्म.

मग मी काय नाही केलं! डायनामोच्या तोंडाशी बल्ब लावून बघितला, तर लख्ख पेटला. म्हणजे डायनामो ठणठणीत. डायनामोतले कार्बन घासले, पट्टा ताणला, कटआउटची टोकं साफ केली. सगळ्या वायरी काढून परत जोडल्या. काटा हलायला तयार नाही. वहिनी म्हणाली, "दृष्ट लागली असंल," आणि मोटारीवरनं मीठमोहऱ्यासुद्धा उतरवून टाकल्या. बैल बघत उभे. त्यांना परत गिरणीची वाट दिसत असणार.

आणि मामा आला. सकाळच्या गाडीनं, धुतलेल्या कोटात. ओट्यावर बसून चहा पीत मला म्हणतो, "झालं का रे खेळून? ट्रंक भर आता." आबांनी कुंभिवलीला निरोप धाडला होताच. दुपारी शेटचा माणूस येऊन उभा राहिला आणि मोटारीभोवती असा फिरायला लागला, जसा काय बाजारात म्हैस बघतोय. टायरला लाथ मारली त्यानं! माझ्या टायरला!

मी म्हटलं, "एकदा, शेवटचं बघतो."

इंजिन चालू केलं. वहिनीला आत बसवलं मीटरवर डोळा ठेवायला, आणि मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. कटआउट चिकटतो का बघायला वाकलो, तर हातातल्या पकडीचं एक टोक कटआउटच्या पायाला टेकलं आणि दुसरं इंजिनाला. टक्!

"भावजी, हलला!" वहिनी किंचाळली. "प्लसकडं गेला!"

मी दचकून पक्कड उचलली.

"आला परत."

पक्कड टेकवली. टक्. "गेला!" उचलली. "आला!" टेकवली. "गेला गं बाई!" मी पुढं, ती मागं, आमची अशी जुगलबंदी चाललेली, आणि मामाच्या हातात दुपारच्या चहाचा कप तसाच.

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. मोटारीत वायर जाते ती एकीकडनंच. परत यायची वाट असते गाडीच्या लोखंडातनं. कटआउटचा पाय लोखंडाला नीट टेकला तरच ती वाट उघडी. मी कटआउट सोडवला. खाली हिरव्या तेलरंगाचा हा जाड थर! बोल्टाच्या भोकातसुद्धा. आबांनी इतका मनापासून रंग दिला होता, की करंटला घरी जायला दारच उरलं नव्हतं.

पण हे आबांना सांगायचं कोणी? सगळे बघत होते, मामा, शेटचा माणूस, अर्धी आळी. वहिनी सासऱ्याशी सरळ बोलत नसे, काही सांगायचं असलं की गाईला सांगायची आणि आबा ऐकायचे. ती मोटारीतनं उतरली, पदर पुढं ओढला, गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐकलंस का गं बाय, वायरिंगला काय झालं नव्हतं. दसऱ्याचा रंग तेवढा जरा जास्त चढला."

गाय रवंथ करत राहिली. आळीतलं कोणीतरी फिसकन हसलं. आबा पुढं आले, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी खालचं खुरपं उचललं आणि खसाखसा रंग खरवडायला लागले, पार पांढरं लोखंड दिसेपर्यंत. बोल्टसुद्धा स्वतः घासले.

"बशीव," एवढंच म्हणाले.

मी बसवला. हँडल मारलं. पक्कड खिशात. काटा उठला आणि प्लसकडं जाऊन जो बसला, तो तिथंच.

आबा शेटच्या माणसाकडं वळले. "शेटला सांगा, मोटार इकायची नाय. आन् लांबनं आलात, चालत कशाला जाता? बसा, सोडतो."

मग मामाला म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या हापिसला दुसरा बघा. माजा डायव्हर मोकळा नाय."

मामा तोंड वाकडं करून म्हणाला, "बोटं फुकट घालवतोय." पण मोटारीत पहिला तोच चढून बसला!

आम्ही कुंभिवलीला जायला खालापूरच्या रस्त्याला लागलो. सूर्य कलला होता. मी दिवे लावले, गरज नव्हती, उगाच. शेटचा माणूस टप घट्ट धरून मागं बसलेला, मामा कोटावरची धूळ झटकत. आबा माझ्या शेजारी. रस्ता, शेतं, ओळखीची माणसं, कशाकडं म्हणून त्यांचं लक्ष नव्हतं. ते सबंध वाटभर नुसते मीटरकडं बघत होते, आणि खड्ड्यात काटा जरा थरथरला की माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचे, "हळू रं, हळू. सांडंल."