‘शुक्रवार’चं शेवटचं रेकॉर्डिंग

हेमंतचा शेवटचा मेसेज अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. ‘झालं का मिक्सिंग?’ त्याखाली माझं उत्तर, ‘होतंय रे, थोडं राहिलंय.’ तिसऱ्या दिवशी सकाळी मांजर्लीहून त्याच्या आईचा, काकींचा फोन आला. “हेमंत गेला रे...” एवढंच म्हणाल्या. त्यांना धीर द्यायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. वाटलं, सुटलो. आता तो विचारणार नाही.

‘शुक्रवार’ हा आमचा रॉक बँड. नावासाठी डोकं खाजवावं लागलं नाही. ड्रम वाजवणाऱ्या लकीच्या वडिलांचा उल्हासनगरात, कॅम्प चारला, जीन्स शिवायचा कारखाना. शुक्रवारी सुट्टी, म्हणून मशिनी बंद आणि आम्ही चालू. मी बेस गिटार वाजवायचो, हेमंत गाणी लिहायचा आणि गायचा. पहिल्याच दिवशी लकी त्याला म्हणाला, “भाई, तू गाता है या धमकी देता है?” हेमंत म्हणाला, “दोन्ही. तू वाजव.” अंबरनाथच्या कंपन्यांचा वास, विठ्ठलवाडी डेपोत कधीच न येणारी बस, असल्या विषयांवर त्याची गाणी. मुंबईतल्या बड्या लोकांनी आम्हाला कधी बोलावलं नाही, त्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. सगळी जुनी रेकॉर्डिंग्ज त्याच्या तळमजल्यावरच्या घरात होती. एका पावसाळ्यात नदी घरात शिरली आणि हार्ड डिस्क चिखलात गेली. “पुन्हा करू की,” म्हणाला. आम्हीही हसलो. वेळ काय, पडलाय ढीगभर!

मग त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्यात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून त्याने आम्हाला हे सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाला, “आवाज आहे तोवर नीट निरोप घेऊ. नित्या, रेकॉर्डिंग तू बघ.”

अंबरनाथच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, आम्ही शेवटचं वाजवलं. प्रॅक्टिसला मी नेहमी रेकॉर्डर फक्त माझ्या बेसला जोडायचो, घरी जाऊन स्वतःच्या चुका शोधायला. त्या दिवशी तो मिक्सरच्या मुख्य आवाजाला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजाला, जोडायचा होता. हात सवयीने बेसकडेच गेला. सुरू करण्याआधी हेमंतने वळून विचारलं, “होतंय ना?” लाल दिवा लागलेला होता. मी अंगठा दाखवला. त्या दुपारी तो जे गायला, तसं नऊ वर्षांत कधी गायला नव्हता.

घरी येऊन ऐकलं. सव्वा तास माझा बेस. दुसरं काही नाही... लोकांनी मोबाइलवर काढलेले तुकडे गोळा केले, तर त्यांत शिट्ट्या आणि ड्रम. त्याचा आवाज चिरडून गेलेला. तोवर ऑपरेशन झालं होतं. आता ‘पुन्हा करू’ कुणी म्हणायचं? मी मिक्सिंगचं खोटं सांगत राहिलो. दवाखान्यात तो पाटीवर लिहून विचारायचा, मी संत्री सोलत बसायचो. लकी म्हणाला, “बोल दे यार उसको.” नाही सांगू शकलो. भित्रा होतो, दुसरं कारण नाही.

दिवसकार्य झाल्यावर काकींनी बोलावलं. “त्याचा आवाज हाय ना तुज्याकडं? लाव जरा.” मी रडत रडत सगळं कबूल केलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “असू दे. हाय तेच लाव.” सव्वा तास भिंतीला टेकून त्यांनी ते धम् धम् ऐकलं. मग म्हणाल्या, “यात तू हायस. तो कुठं हाय?”

 मग एक जागा आठवली, ती पुन्हा लावली. शेवटच्या गाण्यात माझा बेस एकच तुकडा चार वेळा वाजवत राहतो. तिथे हेमंतला शब्द फुटेना. तो सावरेपर्यंत मी तिथेच घुटमळत राहिलो. पाचव्यांदा बेस पुढे सरकतो.

आता मी शुक्रवारी मांजर्लीला जातो. काकी तेवढाच तुकडा लावायला सांगतात. बोटांवर मोजतात... एक, दोन, तीन, चार. मग माझ्याकडे बघून विचारतात, “आता गातो ना तो?”

“हो काकी,” मी म्हणतो. “आता.”