भोकरीच्या काड्या

मी निघालो तेव्हा आप्पांनी मळ्यातल्या भोकरी द्राक्षांचे दोन घड वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घातले. "तिकडच्यांना दाखव, आपलं काय असतं ते," म्हणाले. बाहेरची फळं आत नेऊ देत नाहीत, म्हणून मेलबर्नच्या विमानतळावर ते घड कचऱ्याच्या डब्यात गेले आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी वाइनचं शिक्षण घ्यायला आलेलो. पिवळसर, बियांची ती द्राक्षं युनिव्हर्सिटीत काढायची मला लाजच वाटली असती.

पुढं यारा व्हॅलीतल्या एका वायनरीत नोकरी लागली, राहायला मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला. आमची मुख्य वाइनमेकर जेन तरुणपणी दक्षिण फ्रान्समधल्या एका गावात गेली होती. तिथले म्हातारे बापजाद्यांच्या पद्धतीनं वाइन करायचे. हिनं स्टीलच्या टाक्या आणल्या, जुन्या वेली उपटून शिराझ ही वाइनची काळी द्राक्षं लावायला लावली. वाइन परदेशात धडाधड खपली. ही गोष्ट मी आप्पांना फोनवर इतक्यांदा ऐकवली, की शेवटी त्यांनी आजोबांनी लावलेली भोकरी काढून शिराझ लावली.

मग कोरोना आला. हॉटेलं बंद पडली आणि नाशिकच्या वायनरीनं यंदा माल उचलणार नाही म्हणून कळवलं. वाइनची द्राक्षं बाजारात कोण खाणार? आप्पांनी व्हिडिओ कॉलवर वेलीवरच सुकलेले घड दाखवले. सीमा बंद, जाता येईना. इकडे मी मास्क लावून दुसऱ्याची शिराझ तोडत होतो.

हे जेनला सांगितलं, तेव्हा तिनं गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. तसली वाइन पुढं सगळीकडंच व्हायला लागली आणि गावाचं गिऱ्हाईक गेलं. एका म्हाताऱ्यानं जुन्या वेली राखल्या होत्या. त्याची हिनं चारचौघांत थट्टा केली होती. आता सगळं गाव त्याच्याच मळ्यातून लावायला काड्या नेतं.

"सव्वीस वर्षांची होते, मित्रा," ती म्हणाली. "मला सगळं कळत होतं."

घरी येऊन आप्पांना फोन लावला. बांधावर, विहिरीपाशी, भोकरीची एखादी वेल राहिलीय का?

"तूच म्हणालास ना, एकही ठेवू नका." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "आता काय लावू, ते सांग."

परवा झूमवर इथली मराठी मंडळी जमली होती. घर म्हटलं की काय आठवतं, असा विषय निघाला. कुणी अंगण म्हणालं, कुणी आईच्या हातचं वरण. मला मात्र आप्पांचा तो प्रश्न ऐकू येत होता. एप्रिलची छाटणी तोंडावर आलीय, त्याआधी शिराझ ठेवायची की उपटायची ते ठरायला हवं आणि ते अजून माझ्याच उत्तराची वाट बघतायत.